पिस्तूल जमा केलं त्या वर्षी

बाबांनी व्हरांड्यात जुना पेपर पसरला, आईच्या फाटक्या लुगड्याची फडकी त्यावर मांडली, वाळूची बादली डाव्या हाताला ओढून घेतली आणि कमरेच्या चामडी कव्हरातून पिस्तूल काढलं. रविवारची सकाळ होती. मी समोर चहाचा कप घेऊन बसले होते. तेल देणं आणि शेवटी उजेडाकडे धरून नळी तपासणं, एवढं माझं काम असायचं.

पिस्तूल लहान होतं. सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोअरचं, बाबांच्या तळहातात जवळजवळ मावणारं. सदऱ्याखाली लावलं तर अनोळखी माणसाला कळत नसे. आमच्या वरोऱ्यात मात्र सगळ्यांना माहीत होतं. बाबा जंगलखात्यात रेंजर होते. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी सागवानाची चोरी करणारी एक टोळी धरून दिली होती, आणि शिक्षा ऐकून बाहेर पडताना त्यातला एक जण कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना म्हणाला होता, "साहेब, रिटायर झाल्यावर भेटू." बाबांनी लायसन्ससाठी अर्ज केला. तो माणूस कधी आला नाही. पिस्तूल आलं. आंघोळ झाली की बाबा देवाला नमस्कार करत आणि मग कमरेला कव्हर लावत. घरात असले तरी. त्यातून कोणावर कधी गोळी सुटली नाही.

आमच्याकडचा उन्हाळा लोखंडाला वाईट. कमरेला येणारा घाम कव्हरात मुरतो आणि घामातलं मीठ पोलादाला खातं. पहिल्याच उन्हाळ्यात पिस्तुलाच्या पाठीवर तांबूस ठिपके उमटले होते. बाबा त्याला खोबरेल लावायचे. मी तेव्हा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. मी त्यांना सांगितलं की खोबरेल थंडीत थिजतं आणि उन्हाळ्यात धूळ धरून ठेवतं, त्यापेक्षा शिलाई मशीनचं पातळ तेल बरं, तेही थेंबभर. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि खोबरेलाची वाटी उचलून आईला परत दिली. तेव्हापासून रविवारची सकाळ आमची दोघांची झाली. मी लग्न केलं नव्हतं आणि घरातली त्यावरची चर्चाही तोवर संपली होती. बाबा आणि मी एकमेकांशी फारसं बोलत नसू. तेल, फडकं, ब्रश एवढंच मागायचं आणि द्यायचं.

एक गोष्ट मात्र ते दर वेळी बोलायचे. पिस्तूल हातात घेतलं की म्हणायचे, "आधी पोट, मग घसा." पोट म्हणजे मुठीतलं मॅगझीन, जिथे काडतुसं भरलेली असतात. घसा म्हणजे नळीच्या मागची जागा, जिथून गोळी सुटते. आधी मॅगझीन काढून बाजूला ठेवायचं. मग वरची स्लाइड मागे ओढायची, म्हणजे घशात काडतूस असेल तर तेही बाहेर पडतं. त्यानंतर नळीचं तोंड वाळूच्या बादलीत धरून घोडा एकदा दाबायचा. टक् असा कोरडा आवाज आला की पिस्तूल रिकामं. क्रम उलटा झाला तर घशातलं काडतूस पडतं खरं, पण स्लाइड पुढे जाताना पोटातलं पुढचं काडतूस घशात जाऊन बसतं. मग मॅगझीन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि ते हातात धरलेल्या माणसाला वाटतं की रिकामं आहे. दोन्ही कृती त्याच, फक्त क्रम वेगळा. ही चूक अनोळखी माणूस सहसा करत नाही, कारण तो पिस्तुलाला हातच लावत नाही.

त्या रविवारी बाबा म्हणाले, "आधी पोट, मग घसा," आणि त्यांनी स्लाइड मागे ओढली.

एक काडतूस पेपरवर पडलं. स्लाइड पुढे गेली. मग त्यांनी मॅगझीन काढलं, नेहमीच्या जागी ठेवलं आणि पिस्तूल उचललं. बादलीकडे नाही. नळी स्वतःकडे वळवून ते तिच्यात डोकावायला लागले.

मी कप खाली ठेवला. त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हटलं, "बाबा, आज मी करू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीप्रमाणे मूठ माझ्याकडे करून पिस्तूल दिलं. मी नळी बादलीकडे वळवली, स्लाइड ओढली. दुसरं काडतूस पेपरवर पडलं आणि गडगडत त्यांच्या पायाशी जाऊन थांबलं.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"जुनं झालं आता पिस्तूल," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि तेलाची बाटली उघडली.

एका निरीक्षणावरून काही ठरवू नये, असं मला शिकवलेलं आहे. पुढच्या रविवारी क्रम बरोबर होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग पुन्हा उलटा झाला. दरम्यान मी इतर गोष्टींकडे बघायला लागले होते. आईला ते दोनदा आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारून गेले होते. बाजारातून येताना आमची गल्ली सोडून पुढे जाऊन परत आले होते, आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाले होते की जरा पाय मोकळे करत होतो. शब्दकोडं सोडवायचं त्यांनी बंद केलं होतं. डोळे दुखतात म्हणायचे. डोळे उत्तम होते.

मी आईशी बोलले. आई म्हणाली, वय झालंय त्यांचं, तुला प्रयोगशाळेत सगळ्या पाण्यात काहीतरी सापडतं तसं इथेही सापडायला लागलंय. पिस्तुलाचं सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ते काढून घेतलं तर हा माणूस उद्यापासून अंगणातसुद्धा येणार नाही. मी नागपूरला दादाला फोन केला. माझा भाऊ हेमराज, माझ्याहून मोठा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, बाबांनी उभं आयुष्य बंदुकीसोबत काढलंय, तू त्यांना शिकवणार का? मी म्हटलं, शिकवत नाही, काय पाहिलं ते सांगते. "तू बघतच बस," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आमच्याकडे रोज संध्याकाळी गणपत मडावी यायचे. बाबांच्या हाताखाली वनरक्षक होते, तेही निवृत्त झालेले. मागच्या फाटकाने यायचे, कारण पुढच्या दाराने साहेबांच्या घरी शिरायची त्यांना सवय नव्हती. दोघं विहिरीजवळच्या बाकावर बसून तंबाखू मळायचे आणि जुन्या जंगलाबद्दल बोलायचे. कुठल्या नाल्यावर अस्वल दिसलं होतं, कुठला साहेब जीपमधून उतरायला घाबरायचा. मडावी कधीकधी बाबांची थट्टाही करायचे. "साहेब, तुमच्या त्या पिस्तुलाला आता बायको आणा. एकटं एकटं राहून गंजलं बिचारं." बाबा हसायचे.

एका संध्याकाळी अंधार पडायला आला होता. मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. मागचं फाटक वाजलं आणि बाबांचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणी एक-दोनदाच ऐकला होता.

"थांब तिथंच. लाकूड खाली टाक."

मी मागच्या दारात गेले. बाबा बाकाच्या पुढे उभे होते, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून. फाटकाच्या आत मडावी उभे होते. त्यांच्या हातात पेरूंची पिशवी होती. त्यांना आधी ती थट्टा वाटली असावी, कारण ते हसत होते. मग हसू थांबलं. त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली आणि ताठ उभं राहून सलाम ठोकला.

"वनरक्षक मडावी, साहेब. राउंडवरून आलो. जंगलात सगळं ठीक आहे. तोड नाही, आग नाही."

बाबांनी ऐकलं. मान हलवली.

"बरं. बस," ते म्हणाले आणि पिस्तूल कव्हरात घातलं.

मडावी बाकाच्या टोकाला बसले. बाबांनी चंची काढली, तंबाखू मळला, अर्धा त्यांना दिला. थोड्या वेळाने बाबा आत गेले तेव्हा मी मडावींना फाटकापर्यंत सोडायला गेले. मडावीच बोलले.

"ताई, पूर्वी साहेबांचा हात थोडा कापायचा. आज बिलकुल कापला नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचं, तपासणी करून घ्यायची आणि त्यांच्या चिठ्ठीवर लायसन्स रद्द करण्यासाठी अर्ज द्यायचा, असं मी ठरवलं. हे सगळं बाबांच्या पाठीमागे करावं लागणार होतं. आपल्या वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही असं सरकारला सही करून कळवायचं होतं. मी कागद आणला होता आणि वरच्या दोन ओळी लिहून थांबले होते. रात्री ते पिस्तूल उशाशी घेऊन झोपायचे, आणि आई त्याच खोलीत झोपायची. आई रात्री पाणी प्यायला उठते हे मला माहीत होतं. ती उठली की मी माझ्या खोलीत जागी व्हायचे आणि ती परत पलंगावर बसल्याचा आवाज येईपर्यंत तशीच पडून राहायचे.

अशात एका सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात आले. कामाचा दिवस होता. मी निघायच्या तयारीत होते.

"कुंदा, आज सुटी टाक," ते म्हणाले. "पिस्तूल साफ करायचंय."

"आज रविवार नाही, बाबा."

"मला ठाऊक आहे आज काय आहे ते."

व्हरांड्यात पेपर आधीच पसरलेला होता. या वेळी त्यांनी कव्हरासकट पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले. मी मॅगझीन काढलं, स्लाइड ओढली, बादलीत घोडा दाबला. प्रत्येक वेळी ते मान हलवत होते. साफ करून झाल्यावर त्यांनी नळी उजेडाकडे धरायला सांगितली आणि विचारलं, "काही दिसतं?" मी म्हटलं, स्वच्छ आहे. मग ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी वस्तू द्यायची तर घासूनपुसून द्यावी. चल. स्कूटर काढ. ठाण्यात जायचंय."

ठाण्यातले हवालदार बाबांना ओळखत होते. खुर्ची पुसून दिली. निवडणूक आली की सगळ्यांनाच शस्त्र जमा करावं लागतं, त्यामुळे ते काम त्यांना नवं नव्हतं. पण निवडणूक नसताना कोणी स्वतःहून घेऊन येत नाही. लायसन्स उलटसुलट बघत त्यांनी विचारलं की साहेब, अचानक काय झालं, काही तक्रार आहे का.

बाबा हसले. मोकळं, मोठ्याने हसले.

"तक्रार कसली? ही आमची पोरगी. हिला भीती वाटते घरात असलं काही ठेवायची. रोज उठून कटकट. म्हटलं, टाकू देऊन, मिटलं."

हवालदार माझ्याकडे वळले. "काय मॅडम, साहेब घरात असताना भीती कशाची?"

माझा चेहरा तापल्याचं मला जाणवत होतं. हवालदारांनी पिस्तुलाला चिठ्ठी बांधली, काडतुसं मोजून वेगळ्या पाकिटात घातली आणि बाबांची सही घेतली. सही करताना बाबा क्षणभर थांबले. मग नाव पूर्ण लिहिलं, वामन सीताराम देवतळे, शाळेत लिहितात तसं एकेक अक्षर सुटं.

ठाण्यासमोर चहाची टपरी होती. बाबा तिथल्या बाकड्यावर बसले. मी दोन चहा सांगितले. त्यांचा हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता आणि परत येत होता.

"मडावीवर मी नेम धरला होता ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आठवतं?"

"नाही. तो यायचा बंद झाला. आईला विचारलं, ती भांडी आवरायला लागली. तुझ्याकडे पाहिलं. तेवढ्यावरून कळलं." त्यांनी चहा फुंकला. "चोर समजलो असेन त्याला."

"लाकूड खाली टाक म्हणालात."

"अन् त्यानं?"

"राउंडचा रिपोर्ट दिला."

बाबांनी मान हलवली. "चांगला गार्ड होता," ते म्हणाले. एक ट्रक गेला, धूळ उडाली, त्यांनी कपावर हात धरला.

"ऐक. आता डोकं चालतंय तोवर सांगतो. ठाण्यात बोललो तेच सगळ्यांना सांगायचं. तू घाबरलीस. आईला, हेमराजला, सगळ्यांना. लोक तुला नावं ठेवतील. ठेवू दे."

"सांगेन."

"अन् मीही विचारेन."

मला कळलं नाही.

"मी विसरणार ना हे. आज इथं बसलो होतो तेही विसरेन. मग तुला विचारेन, माझं पिस्तूल कुठं आहे, कोणी दिलं. तेव्हा खरं सांगायचं नाही. खरं सांगितलंस तर दर वेळी मला नव्यानं कळेल की माझं डोकं गेलंय." त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "एकदा कळलं, पुरे झालं. त्यापेक्षा पोरगी भित्री निघाली, हे सोसवेल मला."

मी हो म्हटलं. परत येताना ते स्कूटरवर मागे बसले होते आणि त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं.

चार-पाच दिवसांतच त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. ते निघून गेले आणि दिवसभर जेवले नाहीत. नंतर ते रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी जेवताना. कधी ते रागावायचे, कधी नुसते बघायचे. मी घरी नसले तर आईला विचारायचे, आणि आई म्हणायची, कुंदाला विचारा, तिनेच दिलं. आईला मी तेच सांगितलं होतं. तिने माझ्याशी बोलणं कमी केलं. मडावी पुन्हा यायला लागले, पण आता पुढच्या दाराने, कडी वाजवून, "साहेब, मी मडावी," असं म्हणत. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

दसऱ्याला दादा सहकुटुंब आला. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर शस्त्रं मांडायची पद्धत होती: आजोबांची कुऱ्हाड, बाबांची कोयती आणि मधे पिस्तूल. त्याला हळदकुंकू वाहिलं जायचं आणि पूजा झाली की मी ते लगेच पुसून तेल लावायचे. त्या वर्षी पाटावर मधली जागा रिकामी होती. आईने तिथे एक झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"पिस्तूल कुठं आहे?" दादाने विचारलं.

"ठाण्यात," आई म्हणाली. "हिनं जमा करायला लावलं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "दिवसभर तेजाबाच्या बाटल्या हाताळतेस, अन् बापाच्या पिस्तुलाची भीती वाटली तुला?"

"वाटली."

"मला फोनवर काय काय सांगत होतीस. क्रम चुकतो, अमकं होतं. ते सगळं यासाठी होतं तर. सरळ सांगायचं ना, घाबरते म्हणून."

वहिनी खाली बघत होती. बाबा पाटासमोर बसले होते, अक्षता हातात घेऊन. त्यांनी सावकाश मान वर केली. त्यांच्या नजरेत काहीही नव्हतं, टपरी नव्हती, चहा नव्हता. त्यांच्या लेखी ते हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोणी दिलं माझं पिस्तूल?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. पावती माझ्या कपाटात होती आणि तिच्यावर त्यांची स्वतःची सही होती. मी उठून ती आणू शकले असते.

"मी दिलं, बाबा. मला भीती वाटत होती."

"माझ्या घरात राहून," ते म्हणाले. हातातल्या अक्षता त्यांनी कुऱ्हाडीवर वाहिल्या, मग कोयतीवर, आणि उरलेल्या त्या फुलावर.

त्यानंतर बाबा तीनेक वर्षं जगले. शेवटच्या वर्षात ते पिस्तुलाबद्दल विचारेनासे झाले. जंगलं गेली, हुद्दा गेला, आम्हा सगळ्यांची नावं गेली. दादा अजूनही कोणी बाबांची आठवण काढली की सांगतो, माझ्या बहिणीने त्यांची हिंमतच काढून घेतली. मी त्याला अडवत नाही.

बाबांनी ते शेवटचं विचारलं त्या संध्याकाळी लाइट गेली होती. मी त्यांच्याजवळ कंदील ठेवत होते. पिस्तूल कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी दिलं, मी म्हटलं. का, त्यांनी विचारलं. मला भीती वाटत होती. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. आता ते रागावतील किंवा तोंड फिरवतील, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

ते माझा चेहरा निरखत राहिले. मी कोण हे त्यांना कळत नसावं.

"कशाची भीती वाटते बेटा तुला?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी पूर्वी कधीच विचारला नव्हता. त्याचं उत्तर आमचं ठरलेलं नव्हतं.

"अंधाराची," मी म्हटलं.

"घाबरू नको," ते म्हणाले. "मी आहे."

मग ते कष्टाने उठले. स्वतःची खुर्ची फरफटत माझ्या खोलीच्या दारापर्यंत नेली आणि बाहेर तोंड करून, रिकामे हात मांड्यांवर ठेवून, पहाऱ्याला बसले. लाइट आली तरी मी त्यांना उठवलं नाही.